आधी झोळी आणा

डॉ. कौशिक ओबेरॉय, चित्रा दास, डॉ. सुजाता अजावले, डॉ. अहान मिर्झा आणि डॉ. दिया पारेख,
बॉम्बे जनरल हॉस्पिटल, मुंबई
यांस,



पत्रास कारण, आमच्या शाळेच्या व्हरांड्यात मुलांनी मांडलेला एक खेळ.

मी मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात शिकवण्यात गेली. आता निवृत्त आहे, तरी दुपारची एक चक्कर शाळेकडे होतेच. गेल्या पावसाळ्यात अशीच गेले, तर मुलं दवाखाना-दवाखाना खेळत होती. दोन बाकं जोडून टेबल केलं होतं. सातवीतला एक मुलगा डॉ. कौशिक झाला होता, दोघी जणी सुजाता आणि दिया. सगळ्यांत लहान पोरगा नेहमीप्रमाणे पेशंट. डॉक्टर धावत आले, हात पुढे करून ओरडले, आता ऑपरेशन सुरू होणार, तेवढ्यात तिसरीतली एक मुलगी मध्ये शिरली. वरच्या वाडीतली. म्हणाली, "पेशंट असा कसा आला? आधी झोळी आणा."

खेळ थांबला. तिचं म्हणणं सगळ्यांना लगेच पटलं. कुणी टॉवेल आणला, कुणी झेंड्याची काठी. पेशंटला झोळीत घालून व्हरांड्याला तीन फेऱ्या झाल्या आणि मगच त्याला टेबलावर ठेवलं.

तुमची 'मुंबई डायरीज' ही मालिका लहान मुलांनी पाहण्यासारखी नाही, हे मला कळतं. पण मोबाइल मोठ्या भावाचा असतो आणि पडद्याभोवती घरातली सगळी डोकी असतात. तुमचं रुग्णालय मुंबईच्या नकाशावर नाही, हेही ठाऊक आहे. तरीही पत्र तुम्हालाच लिहिते. तुम्हाला बोलायला लावणाऱ्या लेखक-दिग्दर्शकांना आमच्या वाडीत कुणी ओळखत नाही, तुम्हाला ओळखतात. डॉक्टर कसा दिसतो, कसा बोलतो, कधी येतो, हे आमची मुलं तुमच्याकडून शिकत आहेत. म्हणून बोलायचं तर तुमच्याशीच.

आधी तुमचं देणं मान्य करते. २०२१ साली आलेल्या तुमच्या पहिल्या पर्वाने २६ नोव्हेंबरच्या मुंबईवरच्या हल्ल्याची रात्र सरकारी रुग्णालयाच्या आतून दाखवली. अहान, सुजाता, दिया, तुमचा तिघांचा तो नोकरीचा पहिलाच दिवस होता. समोर आलेला जखमी पोलीस आहे की अतिरेकी, हे न पाहता हात चालवायचा असतो, ही गोष्ट डॉ. कौशिक यांनी लाखो घरांत पोचवली. अपुरी सामग्री, तुडुंब भरलेले वॉर्ड, न झोपलेली माणसं, हेही दिसलं. पंचतारांकित हॉटेलासारखी रुग्णालयं दाखवण्याची रीत तुम्ही मोडलीत. त्याबद्दल मनापासून आभार. आणि ज्याने एवढं दाखवलं, त्याच्याकडेच पुढचं मागता येतं.

पहिली तक्रार त्या मुलीचीच आहे. तुमची गोष्ट रुग्णालयाच्या दारात सुरू होते. स्ट्रेचर ढकलत आणतात, दारं उघडतात, धावपळ सुरू होते. आमच्याकडे त्या दारापर्यंत पोचताना गोष्ट अर्धी संपलेली असते, कधी पुरतीच.

सिद्धगडाची वाडी माचीवर आहे. भीमाशंकर अभयारण्याच्या रानातून, नारिवलीकडून वर चढावं लागतं. गाडी तिथे जात नाही. ट्रेकला येणाऱ्या मुलांना ती वाट सुंदर वाटते आणि ती आहेच सुंदर. पण तीच वाट आषाढात, रात्री, खांद्यावर बांबू घेऊन उतरून पाहा. घोंगडी किंवा लुगडं बांबूला बांधायचं, आत माणूस, पुढे दोघे, मागे दोघे, आणि एक जण बॅटरी घेऊन वाट दाखवायला. खांदा बदलायलाही जागा बघावी लागते. मुरबाड आणि शहापूरच्या वाड्यापाड्यांतल्या अशा झोळ्यांच्या बातम्या पावसाळ्यात छापून येतात. छापून न येणाऱ्या किती, ते आम्ही जाणतो.

माझ्या एका विद्यार्थिनीला अशाच एका रात्री कळा सुरू झाल्या. झोळी खाली यायला तीन तास लागले. १०८ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर उभी होती, तिच्या चालकाचा काही दोष नव्हता. गाडीला पुढे रस्ताच नव्हता. पहिल्या ठिकाणी सांगितलं, पुढे न्या. दुसऱ्या ठिकाणी रक्त नव्हतं, तिथेही चिठ्ठी मिळाली, पुढे न्या. मुरबाडहून कल्याण, कल्याणहून आणखी पुढे. पोरगी वाचली. बाळ राहिलं नाही. त्या रात्री मी गाडीत तिच्या उशाशी बसले होते. कोणत्याच ठिकाणी कुणी वाईट बोललं नाही. सगळे थकलेले होते, आणि सगळ्यांकडे देण्यासारखी तीच एक गोष्ट होती, चिठ्ठी.

'पुढे न्या' हे दोन शब्द आमच्या भागात डॉक्टरांच्या तोंडून सगळ्यांत जास्त ऐकू येतात. तुमच्या मालिकेत ते कुणी कुणाला म्हणत नाही, कारण तुमच्याकडे पोचलेला माणूस शेवटच्या ठिकाणी पोचलेला असतो. माझी विनंती एवढीच, की त्याच्या मागचे चार दरवाजे एकदा दाखवा. प्रत्येक दारावर किती वेळ गेला, ते घड्याळासकट दाखवा.

दुसरी तक्रार माणसांची आहे. पडद्यावर रुग्णालय म्हणजे सर्जन. बाकीचे इकडून तिकडे ट्रे घेऊन जातात. पण ज्या रात्रीवर तुमचं पहिलं पर्व उभं आहे, त्या रात्री कामा रुग्णालयात काय झालं होतं? अतिरेकी आवारात शिरले तेव्हा परिचारिका अंजली कुलथे प्रसूतिपूर्व कक्षात कामावर होत्या. त्यांनी दारं लावली, २० गर्भवतींना आतल्या पँट्रीत हलवलं, आणि एकीच्या कळा सुरू झाल्या तेव्हा भिंतीच्या कडेकडेने तिला प्रसूतिगृहात नेलं. पुढे पकडलेल्या अतिरेक्याची, कसाबची, ओळख पटवायलाही त्या उभ्या राहिल्या. त्या रात्रीची खरी नायिका युनिफॉर्ममधली एक सिस्टर होती. डॉ. कौशिक, तुमच्या रुग्णालयातल्या सिस्टरांना तुमच्याइतकं बोलू द्या.

आणि आमच्याकडची पात्रं तर तुमच्या पडद्यावर आलेलीच नाहीत. आशाताई घ्या. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ही व्यवस्था आली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, आदिवासी भागात वाडीगणिक. कुठल्या घरात कोण गरोदर आहे, कुणाच्या अंगावर सूज आहे, कुणाचं बाळ दूध ओढत नाही, हे तिला पाठ असतं. तिला नियमित पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. उपकेंद्रातली नर्सबाई घ्या. नियमाने डोंगरी आणि आदिवासी भागात ३ हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं लागतं. त्या केंद्रात ६ खाटा असतात. तिथला वैद्यकीय अधिकारी सकाळी बाह्यरुग्ण तपासतो, दुपारी बैठकीला जातो, रात्री बाळंतपण करतो आणि मधल्या वेळात शवविच्छेदनही करतो. नाट्य कशाला म्हणतात, ते त्याच्या एका दिवसात सापडेल.

तिसरी तक्रार आमच्या गावाला मिळालेल्या भूमिकेची. २००२ साली 'संजीवनी' ही मालिका आली तेव्हा आम्ही वीज असेल तेवढा वेळ डॉ. शशांक, जुही, राहुल यांच्यात रमायचो. 'अजूनही बरसात आहे'मधली मीरा आणि आदिराज ही डॉक्टर जोडीही आमच्या घरांत आवडीने पाहिली गेली. सगळे शहरातले. आणि मराठी वाहिन्यांवर ज्या गावातल्या डॉक्टरची सर्वांत जास्त चर्चा झाली, तो कोण होता? 'देवमाणूस'मधला अजितकुमार. बोगस पदवीचा, खून करणारा. ती मालिका खिळवून ठेवणारी होती, कलाकारांचं काम उत्तम होतं, मला त्यांना दोष द्यायचा नाही. पण शहरातला डॉक्टर प्रेमात पडतो, जीव वाचवतो, आणि गावातला डॉक्टर प्रेतं पुरतो, हे चित्र आमच्या मुलांच्या मनात राहतं. गावी बदली ही तर पडद्यावर शिक्षाच असते.

खरं तर या महाराष्ट्रात गावात राहिलेल्या डॉक्टरांची रांग आहे. हेमलकशाला १९७३ पासून प्रकाश आणि मंदाकिनी आमटे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग. त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाला वाचवायला शिकवलं आणि त्या कामाचा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मेळघाटात बैरागडला रवींद्र आणि स्मिता कोल्हे. सुजाता, तुला एकेरी हाक मारते, राग मानू नकोस, तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस. एमबीबीएस झाल्यावर सरकारी सेवेचं जे एक वर्षाचं बंधपत्र असतं, ते घेऊन आमच्या तालुक्यात येणाऱ्या मुलीची भूमिका तू मागून घे. पहिल्या महिन्यात ती रडेल. सहाव्या महिन्यात आशाताईच्या हातची नाचणीची भाकरी खाईल. वर्ष संपताना बंधपत्र सुटल्याचा आनंद होईल आणि निघताना पाय जड होतील. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. ही गोष्ट कुठल्याही प्रेमकथेला भारी आहे.

चौथी तक्रार आजारांची. तुमच्याकडे गोळी लागलेली, स्फोटात भाजलेली, पुरात बुडालेली माणसं येतात. आमच्याकडे पेरणीपासून कापणीपर्यंत विंचू आणि साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांवर चालणारं प्रतिविष एकच आहे, आणि आपल्या हाफकिन संस्थेनेच ते वर्षानुवर्षं बनवलं. देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असं २००० ते २०१९च्या मृत्यूंवरून काढलेल्या हिशोबात दिसलं. एवढी माणसं मरतात आणि पडद्यावर साप म्हटलं की दोर आवळून बांधणं, ब्लेडने चिरणं, तोंडाने विष ओढणं, एवढंच दिसतं. हे तिन्ही घातक आहे. मण्यार झोपेत चावते, दातांच्या खुणाही नीट दिसत नाहीत, पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात आणि घरचे म्हणतात, बाहेरचं आहे, भगताला बोलवा. दिया, अहान, असा एक पेशंट तुमच्यासमोर येऊ द्या. हात किंवा पाय हलवू नका, फळी बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, वेळ न घालवता प्रतिविष असेल तिथे न्या, एवढी चार वाक्यं तुमच्या तोंडून गेली, तर माझ्या शंभर भाषणांचं काम होईल.

विंचवाचं तर सोनं पडलंय तुमच्या लेखकांच्या दारात. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झालेला एक तरुण डॉक्टर लाल विंचवाच्या दंशाने माणसं मरताना पाहतो, रात्र-रात्र उशाशी बसून नोंदी करतो, आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यावर चालतं हे दाखवून देतो. मृत्यूचं प्रमाण शेकड्यात तीस-चाळीसवरून खाली येतं. हिंमतराव बावस्कर त्यांचं नाव. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातल्या एका खेड्यातलं संशोधन जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं. यात नसलेलं असं कोणतं नाट्य तुम्हाला हवं आहे?

पाचवी तक्रार थोडी कठीण आहे, पण बोलायला हवी. पडद्यावरच्या रुग्णालयांत यंत्रावरची रेघ सरळ होते, डॉक्टर छातीवर शॉक देतात आणि माणूस श्वास घेतो. शॉक देतात तो हृदय वेडंवाकडं थरथरत असताना. रेघ पुरती सरळ झाली, तर छाती दाबत राहणं आणि औषधं, एवढंच हाती असतं, आणि बहुतेक वेळा तेही पुरत नाही. १९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये काही डॉक्टरांनी अमेरिकेतल्या तीन मालिकांचा हिशोब मांडला होता. पडद्यावर छाती दाबलेल्यांपैकी शेकडा ७५ त्या घडीला जगत होते. खऱ्या रुग्णालयांत छाती दाबलेल्यांपैकी बरे होऊन घरी जाणारे याहून फारच कमी असतात.

तुम्ही म्हणाल, मालिका आहे, आशा दाखवली तर काय बिघडलं? बिघडतं. झोळीतून, जीपमधून, तीन ठिकाणं करून आणलेला बाप जातो, तेव्हा मुलगा डॉक्टरला विचारतो, शॉक का नाही दिलात? उत्तर कुणाला द्यायला वेळ नसतो आणि त्याच्या मनात संशय राहतो. डॉक्टरांवर हात उचलणं हा गुन्हा आहे, महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी वेगळा कायदाही आहे. पण कायदा हात धरतो, दुःख समजावत नाही. समजावण्याचं काम तुम्ही करू शकता. एकदा तरी सगळं बरोबर करूनही माणूस जाऊ द्या, आणि मग डॉ. कौशिक, बाहेर येऊन त्याच्या बायकोशेजारी बाकावर बसा. घाई करू नका. काय झालं, काय केलं, काय करता आलं नाही, हे तिला कळेल अशा शब्दांत सांगा. तसंच छाती कशी दाबायची, हे नीट दाखवा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती निदान पाच सेंटिमीटर खाली जाईल इतकं जोरात. नववीची मुलं हे शिकू शकतात.

सहावी तक्रार नाही, विनंती आहे, चित्राताई, तुमच्यासाठी. तुम्ही समाजसेवा विभाग पाहता, म्हणून तुमच्याकडून माझी आशा सर्वांत मोठी आहे. मालिकांमधल्या रुग्णालयात "किती पैसे लागतील?" हा प्रश्न क्वचितच ऐकू येतो. आमच्या माणसांचा तो पहिला प्रश्न असतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, हे त्यांनी ऐकलेलं असतं. पण रेशनकार्ड घरी राहिलेलं असतं, आधारवरचं नाव वेगळं पडलेलं असतं, आणि दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबाकडे तर पुष्कळदा कागदच नसतो. ती माणसं मोठ्या रुग्णालयात शिरली की खिडकी क्रमांक चार आणि खिडकी क्रमांक अकरा यांच्यामध्येच हरवतात. कुणी ओरडेल या भीतीने विचारत नाहीत. दोन दिवस बाकड्यावर काढून न तपासताच परत आलेले लोक मला माहीत आहेत. चित्राताई, अशा एका माणसाचा हात धरून त्याला खिडकीपासून खाटेपर्यंत नेणारा पूर्ण एक भाग तुम्ही करा. एकाही स्फोटाशिवाय लोक तो श्वास रोखून पाहतील.

त्याच्या जोडीला भाषा. तुम्ही सगळे पेशंटच्या डोक्यावरून एकमेकांशी इंग्रजीत बोलता. आमची ठाकर, कातकरी, महादेव कोळी माणसं दुखणं आपल्या बोलीत सांगतात. "जीव घाबरा होतो", "हातापायात वारं भरलं", "पोटात गोळा फिरतो". यातून काय ओळखायचं, हे ज्याला येतं तो अर्धा डॉक्टर तिथेच झाला. पेशंटला त्याच्या अंगाबद्दल त्याच्या शब्दांत सांगणं हाही उपचार आहे. आणि अंगठा घेण्याआधी कागदावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा.

आता हे सगळं आम्ही तुमच्याकडेच का मागतो, ते सांगते. तुमच्या दुसऱ्या पर्वात मुंबई पाण्याखाली गेली आहे. डॉ. कौशिक, शस्त्रक्रियेआधी तुम्ही कोपरापर्यंत हात धुता. मुंबईच्या नळाला येणारं ते पाणी बरंचसं आमच्या शेजारच्या शहापूर तालुक्यातून येतं, तानसातून, भातसातून. ब्रिटिशांच्या काळापासून या डोंगरांनी मुंबईला पाणी दिलंय. आमच्या मुरबाडच्या बारवी धरणाचं पाणी कल्याण-डोंबिवली, अंबरनाथकडे जातं. धरणांच्या तालुक्यांतल्या पाड्यांना मात्र मार्च-एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहावी लागते. आम्ही पाणी रोखून धरत नाही, धरणारही नाही. पण ज्यांच्या पाण्याने तुमचे हात स्वच्छ होतात, त्यांच्यापर्यंत ते हात पोचावेत, ही अपेक्षा अवाजवी आहे का?

याच सिद्धगडावर २ जानेवारी १९४३च्या पहाटे स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. भाई म्हणजे माथेरानच्या नाभिक घरातला एक वकील मुलगा. तो आपली माणसं सोडून शहरात रमला नाही, डोंगराकडे आला. त्यांच्या 'आझाद दस्ता' या तुकडीने मुंबईची वीज नेणारे मनोरे पाडले होते, तेव्हा मुंबईला हे डोंगर कुठे आहेत ते कळलं. दर वर्षी २ जानेवारीला इथल्या हुतात्मा स्मारकावर माणसं जमतात. आमची एवढीच इच्छा आहे, की आता मुंबईने आमच्याकडे पाहावं यासाठी अंधार व्हावा लागू नये. तुमच्या पडद्याचा उजेड पुरेल.

म्हणून शेवटची विनंती. तुमचं पुढचं पर्व येईल न येईल, पण कधी आलंच, तर त्यातला एक भाग आमच्याकडे करा. भाई कोतवालांच्या स्मारकाला नमस्कार करून माची चढा. वर आशाताई भेटेल, तिची वही वाचा. मग वाडीतल्या चौघांकडून एक रिकामी झोळी मागून घ्या. डॉ. कौशिक आणि अहान पुढे, सुजाता आणि दिया मागे, चित्राताईंच्या हातात बॅटरी. आत कुणी नको. फक्त बांबू आणि घोंगडी घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत उतरा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. खाली आल्यावर तुमच्या लेखकांना तो कागद द्या. पहिलं दृश्य कुठून सुरू करायचं, हे त्यांना मग विचारावं लागणार नाही.

काही कमी-जास्त लिहिलं असेल तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला. पण विसरू नका.

आपली नम्र,
सिद्धगडाच्या पायथ्याची एक निवृत्त शिक्षिका
ता. मुरबाड, जि. ठाणे

ता. क. वाडीत मोबाइलला रेंज धड मिळत नाही. निघण्याआधी दोन दिवस निरोप पाठवा, म्हणजे डांबरी रस्त्यावर तुम्हाला घ्यायला कुणीतरी उभं राहील.